शिफारसपत्राच्या आधी



जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसानं नुकताच जोर धरला होता तेव्हा, लांज्याच्या आमच्या कार्यालयात एक मुलगी आणि तिची आई आल्या. मुलगी यंदा बी.ए. झाली. आई काजूच्या कारखान्यात जाते. बिया फोडून बोटं काळी पडलेली. मुलीनं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून एक रंगीत पत्रक आणलं होतं. नेपाळात पोखराजवळच्या एका बालगृहात सहा महिने राहायचं, अनाथ मुलांना शिकवायचं, शेवटी प्रमाणपत्र मिळणार. राहणं, जेवण आणि ‘व्यवस्थापन खर्च’ धरून एक लाख चाळीस हजार रुपये. सोबत एखाद्या सामाजिक संस्थेचं शिफारसपत्र जोडायचं. ते मागायला त्या आल्या होत्या.

मुलगी उत्साहानं बोलत होती. आई बराच वेळ गप्प होती. निघताना तिनं एकच विचारलं, “मॅडम, तिथली माणसं चांगली हायत ना?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पत्रकावर हसणाऱ्या मुलांचे फोटो होते, एका परदेशी शहरातला पत्ता होता, आणि ‘विश्वासार्ह’ हा शब्द तीन ठिकाणी छापलेला होता. मी म्हटलं, चार दिवस द्या. मुलीचं तोंड उतरलं. तिला वाटलं, आता हीसुद्धा नाही म्हणणार.

हा अंक त्या चार दिवसांमुळे थोडा उशिरा निघतो आहे. पण हा प्रश्न एका मुलीपुरता नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या गटांकडे अशी पत्रं मागायला येणाऱ्या मुली वाढल्या आहेत. कोणाला देशातच एखाद्या संस्थेत वर्षभर काम करायचं असतं, कोणाला बाहेर जायचं असतं. आपण बहुतेक वेळा संस्थेचं नाव ऐकून सही करतो. मीही करत आले.

मुलींनी जावं की जाऊ नये, हा आपल्यापुढचा वाद नव्हे. जावंच. मुलगा बारावीनंतर दोन वर्षं मुंबईला चुलत्याकडे राहून ‘बघतो काहीतरी’ म्हणाला, तर कोणाची हरकत नसते. मुलीचं मात्र कॉलेज संपल्यापासून लग्न ठरेपर्यंतचं एकेक वर्ष घरातले मोजत बसतात. शिक्षणात एक वर्ष मध्ये गेलं तर आपल्याकडे त्याला ‘गॅप’ म्हणतात आणि पुढच्या प्रवेशाच्या वेळी प्रतिज्ञापत्र करावं लागतं, की या वर्षात मी दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता. जणू काही गुन्हाच घडला! ते वर्ष स्वतःहून मागणारी मुलगी खेड्यातून उभी राहते आहे, ही आपल्या सगळ्यांच्या कामाचीच कमाई आहे. म्हणून तर तिला कोणाच्या हाती सोपवतो, हे डोळे उघडे ठेवून पाहायला हवं.

परक्या मुलखात कोणावर भरवसा ठेवायचा, हा प्रश्न मराठी बाईला नवा नाही. आनंदीबाई जोशींच्या बाबतीत तो फार स्वच्छ दिसतो. १८७८ साली गोपाळराव कोल्हापुरात होते. बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, असं त्यांनी मिशनऱ्यांना विचारलं. उत्तर आलं ते धर्मांतराच्या अपेक्षेसह. हा पत्रव्यवहार अमेरिकेत एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी आपणहून पत्र लिहिलं, आणि त्यात अट नव्हती. पुढची जवळजवळ तीन वर्षं या दोघी एकमेकींना लिहीत राहिल्या. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत चढल्या तेव्हा त्या अनोळखी घरात जात नव्हत्या. पदरात काय टाकणार, हे दोन्हीकडून सांगितलं जात होतं. फरक एवढाच, की एका ठिकाणी त्याबदल्यात काय हवं तेही सांगितलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच नको होतं. शिवाय ही पारख करायला वेळ मिळाला होता.

पंडिता रमाबाई त्याच वर्षी इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहिल्या. तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी तो कोणाच्या सांगण्यानं आणि किती स्वीकारायचा यावरून मठाच्या वरिष्ठांशी त्यांचे अनेक वर्षं खटके उडत राहिले. आश्रय घेतला म्हणून विचार करणं सोडलं नाही. आश्रय देणाऱ्यांनाही हे सहन करावं लागलं, आणि त्यांनी ते बऱ्याच अंशी सहन केलं. प्रश्न विचारणाऱ्या बाईला संस्था कशी वागवते, यावरून ती संस्था कळते. मला वाटतं, चौकशीची सुरुवात इथून करावी.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी मी एका मुलीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका नावाजलेल्या संस्थेसाठी शिफारसपत्र दिलं होतं. संस्थेचं नाव इथं देत नाही. प्रमुखांची भाषणं मी शिबिरांतून ऐकलेली. आदिवासी पाड्यांवरचं त्यांचं काम खरंच मोठं. दोन महिन्यांनी रात्री साडेदहाला तिचा फोन आला. प्रमुख तिलाच दौऱ्यावर घेऊन जातात, परतायला मुद्दाम उशीर करतात, गाडीत शेजारी बसवतात, आणि काल जे केलं ते तिला नीट सांगताही येत नव्हतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, “ते तसे नाहीत गं. तुझा काही गैरसमज होत नाही ना? थोडं समजून घे.” हे शब्द माझे आहेत. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या, लैंगिक छळाच्या कायद्यावर गावोगाव सत्रं घेणाऱ्या बाईचे. ती आठ दिवसांनी बोजा उचलून घरी परत आली. तिच्या घरच्यांनी सहा महिन्यांत तिचं लग्न लावून दिलं. तिनं तक्रार केली नाही, आणि मी तेव्हा तिला ‘कर’ म्हटलंही नाही.

त्या वेळी मनात आलेला विचार मी प्रामाणिकपणे लिहिते: या एका गोष्टीमुळे इतक्या वर्षांचं काम मोडीत निघेल. चळवळीचं नुकसान होईल. आपल्या वर्तुळात हा विचार किती जणींनी किती वेळा केला असेल, याचा हिशेब कधीतरी मांडावा लागेल.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. हैतीत २०१० साली भूकंप झाला. तिथं मदतीला गेलेल्या ऑक्सफॅमच्या काही कर्मचाऱ्यांनी संकटात सापडलेल्या स्थानिक बायकांचा गैरफायदा घेतला. २०११ मध्ये अंतर्गत चौकशी झाली, काहींना काढलं, काहींना राजीनामा देऊन जाऊ दिलं. जगाला हे कळलं २०१८ मध्ये, एका वर्तमानपत्रामुळे. अमेरिकेच्या सरकारी पीस कोअरची गोष्ट याहून वाईट. केट प्यूझी ही चोवीस वर्षांची स्वयंसेविका आफ्रिकेत बेनिन देशातल्या एका गावी शिकवत होती. संस्थेचाच एक स्थानिक माणूस शाळेतल्या मुलींचं लैंगिक शोषण करतो, असं तिनं विश्वासात घेऊन कार्यालयाला कळवलं. मार्च २००९ मध्ये तिचा खून झाला. तिची तक्रार गुप्त राखली गेली नाही, हे तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या आणि शोषणाला तोंड दिलेल्या इतर स्वयंसेविकांच्या लढ्यातून २०११ मध्ये अमेरिकेत तिच्या नावानं स्वयंसेवकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पीस कोअर १९६१ पासून आहे. म्हणजे पाठीशी सरकार, पन्नास वर्षांचा अनुभव, सगळं काही होतं. एका मुलीनं सांगितलेली गोष्ट गुप्त राखायची पक्की रीत मात्र नव्हती.

आपला स्वतःचा कायदाही असाच एका कार्यकर्तीच्या अंगावरून आला आहे, हे आपण विसरतो. भंवरीदेवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातली साथिन होती, तुटपुंज्या मानधनावर गावात काम करणारी. बालविवाह थांबवायचं काम तिला याच कार्यक्रमानं दिलेलं. १९९२ मध्ये त्यावरूनच तिच्यावर बलात्कार झाला. काम देणाऱ्यांची जबाबदारी कोणती, या प्रश्नातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि २०१३ चा कायदा झाला. या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात पगार न घेता स्वेच्छेनं काम करणारी स्त्रीही येते. हे आपल्या मुलींना माहीत नसतं, आणि संस्थाही सांगत नाहीत. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, एक सदस्य बाहेरची हवी. छोट्या संस्थेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार साधारण तीन महिन्यांत करायची असते. पण मुलगी परदेशात गेली आणि तिला घेणारी संस्थाही तिथलीच असली, तर या कायद्याचा हात तिथवर पोचेल असं धरून चालता येत नाही. तिथं कोणाकडे जायचं, हे जाण्याआधी लेखी मागून घेतलेलं बरं.

आता त्या पत्रकाकडे येते. त्यातली सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे अनाथ मुलं. मलाही आधी तीच भावली. मग वाचत गेले तसं अंगावर काटा आला. नेपाळात १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून दलालांनी आईबापांकडून पैसे घेतले, मुलांना शिकवतो असं सांगितलं आणि काठमांडूला आणलं. पुढे ती मुलं कागदावर अनाथ झाली. अशी बालगृहं दुर्गम भागात कमी आणि जिथं परदेशी पाहुणे येतात त्या काठमांडू-पोखराकडे जास्त, यातच सगळं आलं. त्यांतल्या बहुतेक मुलांना आईबापांपैकी एक तरी आहे. २०१५ च्या भूकंपानंतर अशा ठिकाणी स्वयंसेवेला जाताना सावध राहा, असं युनिसेफनं सांगितलं. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीनं २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीची चौकशी करताना हा प्रश्न त्यातच धरला. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या ठरावातही अनाथालयांतल्या स्वयंसेवेबद्दल काळजी व्यक्त झाली.

म्हणजे आपली मुलगी पैसे भरून जाईल, सहा महिने एखाद्या पोराला लळा लावेल आणि परत येईल. मग दुसरी जाईल. तिच्या एक लाख चाळीस हजारांमुळे ते पोर आईपासून दूर ठेवणं कोणाला तरी परवडत राहील. आपण बायकांच्या संघटना. त्या डोंगरातली आई आपल्याला कोणी नाही का?

आणि नेपाळला नावं ठेवायचं कारण नाही. अँकरेज नावाचे निवारे मुंबईत कुलाबा-कफ परेडला आणि रायगड जिल्ह्यात मुरूडला होते, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर. रस्त्यावरच्या मुलांसाठी परदेशातून आलेल्या भल्या माणसांनी ते काढले, असा बोलबाला. आत काय चालतं ते मुलांनी सांगितलं, चाइल्डलाइननं आणि वकील महारुख अडेनवाला यांनी ते लावून धरलं. डंकन ग्रँट आणि अ‍ॅलन वॉटर्स या दोघा ब्रिटिशांना २००६ मध्ये शिक्षा झाली, २००८ मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले, आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षं गेली. त्याआधी मडगावात फ्रेडी पीट्सचं मुलांचं वसतिगृह होतं. तो १९९१ मध्ये पकडला गेला, १९९६ मध्ये जन्मठेप झाली; तिथंही शीला बारसेंसारख्या बाईला पाठपुरावा करावा लागला. या दोन्ही जागांना गावात मान होता. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

हे वाचताना माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. त्या पत्रकासोबतच्या फॉर्मवर मुलीचं नाव, वय, पत्ता आणि पैसे कसे भरणार, एवढंच विचारलं होतं. तिला ओळखणारी दोन माणसं कोण, पोलिसांचा दाखला आहे का, लहान मुलांबरोबर याआधी काम केलंय का, सहा महिन्यांनी निघून गेल्यावर मुलांचं काय, यातलं काहीही नाही. आमचं शिफारसपत्र मागितलं होतं खरं, पण त्यात काय लिहावं याचा पत्ता नाही, लेटरहेड पुरे. आपल्या मुलीला काही न विचारता जी संस्था आत घेते, ती उद्या आणखी कोणालाही काही न विचारताच आत घेणार. आणि तो माणूस त्याच आवारात, कदाचित शेजारच्याच खोलीत राहणार. आपण इतके दिवस ‘आम्ही संस्थेला काय विचारावं’ याच्या याद्या करत होतो. संस्था आपल्याला काय विचारते, हे पाहायचं राहूनच गेलं.

आपल्याच राज्यात जिथं तरुणांना गांभीर्यानं घेतलं जातं तिथं हे उलटं दिसतं. गडचिरोलीच्या सर्च संस्थेनं २००६ पासून चालवलेल्या ‘निर्माण’मध्ये जायचं तर भलामोठा अर्ज आणि मग मुलाखत. आमच्या ओळखीतल्या एका मुलानं तो अर्ज अर्धा भरून सोडून दिला! त्यातून मिळायची ती माहिती दोन्हीकडे मिळाली. अर्थात नावाजलेली जागा आहे म्हणून आपण प्रश्न विचारायचे नाहीत, असं मी आता कुठल्याच संस्थेबद्दल म्हणणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर आपला भर गरजेपेक्षा जास्त असतो. नोंदणी क्रमांक धर्मादाय कार्यालयात तपासता येतो, विश्वस्त कोण ते कळतं. विश्वस्त सगळे एकाच घरातले असतील तर तक्रार कोणाकडे जाणार, ते तिथंच समजावं. लेखापरीक्षित हिशेब मागावेत. आपण भरलेल्या पैशातले मुलांवर किती आणि ‘व्यवस्थापना’वर किती, हे विचारण्यात लाज नाही. पण नोंदणी म्हणजे संस्था आहे एवढंच. ती चांगली आहे, असा शिक्का कोणतंही कार्यालय मारत नाही.

खरी चौकशी आपल्या बायकांना येते. मुलीचं स्थळ बघताना आपण काय करतो? घरी जाऊन चहा पिऊन परत येत नाही. पाणी कुठून आणतात, घरात माणसं किती, थोरली सून माहेरी किती वेळा येते, हे विहिरीवर आणि शेजारी विचारतो. तीच रीत इथं चालवायची. संस्थेनं दिलेल्या तीन नावांना फोन करायचा नाही, किंवा करून सोडून द्यायचा. जी मुलगी मुदतीआधी परत आली तिला शोधायचं. झोपायची खोली कुठे, कडी आतून लागते का, रात्रीच्या प्रवासात बरोबर कोण, आजारी पडली तर डॉक्टर किती लांब. पासपोर्ट संस्थेकडे ‘सुरक्षित’ ठेवायला मागतात का? मागत असतील तर जायचंच नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे मुलीच्या स्वतःच्या खात्यात हवेत, बापाच्या नाही आणि संस्थेच्याही नाही.

मात्र स्थळाच्या चौकशीत आपली एक जुनी खोड आहे. घराण्याचं नाव मोठं निघालं की पुढचं विचारायचं राहतं, आणि मुलगी माहेरी येऊन काही सांगायला लागली की आपण म्हणतो, नांदायला शीक. मी त्या रात्री फोनवर दुसरं काय म्हणाले होते?

म्हणून आमच्या गटानं एक ठराव केला आहे, तुमच्यापुढे ठेवते. यापुढे शिफारसपत्र देऊ तेव्हा दोन कागद लिहू. एक संस्थेला, तिची माहिती मागणारा. दुसरा मुलीला: तिचा फोन कोणत्याही वेळी कोण घेईल, त्या दोघींची नावं, आणि ती जे सांगेल ते आधी ऐकून घेतलं जाईल, पुरावा मागितला जाणार नाही, संस्था आपल्या ओळखीची असली तरी. यावर गटात वाद झाला. एक जुनी सहकारी म्हणाली, अशानं एखाद्या चांगल्या कार्यकर्त्यावर खोटा आळ येईल. तिची भीती मी उडवून लावत नाही. ऐकून घेणं म्हणजे निकाल देणं नव्हे, आणि पुढची चौकशी दोन्ही बाजूंची व्हायला हवी. पण आधी ऐकूनच घेतलं नाही, तर चौकशी कसली करणार?

त्या पोखराच्या संस्थेला आम्ही सात प्रश्न पाठवले. नवव्या दिवशी उत्तर आलं: तेच पत्रक, आणि महिनाअखेरीपर्यंत पैसे भरल्यास दहा हजारांची सूट. मी पत्र दिलं नाही. मुलगी रागावली आहे. तिचं म्हणणं, तुम्ही माझं एक वर्ष घेतलंत. तिचा राग मला मान्य आहे, कारण नाही म्हणणं सोपं असतं आणि त्या जागी दुसरं काही ठेवणं आमच्याच्यानं अजून झालेलं नाही. तिच्या आईनं मात्र सात प्रश्नांचा कागद मागून नेला. कारखान्यातल्या दुसऱ्या एका बाईची मुलगी दुबईला घरकामाला निघाली आहे, तिथं दाखवायचा म्हणाली.

ज्या मुलीचा फोन मी नीट घेतला नव्हता, तिला या महिन्यात पत्र लिहिलं. माफी मागितली. हा मजकूर छापण्याआधी तिला वाचून दाखवला. तिच्या सांगण्यावरून दोन वाक्यं काढली आणि एक घातलं.

पुढच्या अंकात आम्हाला तुमचे अनुभव छापायचे आहेत. वर्ष दिलं, सहा महिने दिले, देशात किंवा बाहेर. जिथं चांगलं वागवलं गेलं तेही लिहा, कारण चांगल्या जागा कुठे आहेत हे मुलींना कळायला हवं. मध्येच परत आलात तर ते आवर्जून लिहा. लिहिता येत नसेल तर लांज्याला या, बोला, आम्ही लिहून घेऊ. नाव छापायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पत्रं गणपतीच्या आधी पोचली तर बरं, त्या पंधरवड्यात इथलं सगळं बंद असतं.

— संपादक